गावचं बंद घर, कुलूप न तोडता चोरी. आता कोणतं कुलूप लावू?

माजघर
१९ मे, रात्री ११:४०

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. सासरचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून ते घर गणपतीत सात दिवस, शिमग्याला दोन-तीन दिवस आणि मेमध्ये एखादा आठवडा एवढंच उघडतं. बाकी वर्षभर कुलूप.

या मेमध्ये गेलो तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली नेहमीसारखी थोडी अडली, मग फिरली. ह्यांनी मेन स्विच टाकला, मी पाय धुवायला न्हाणीघरात गेले, तर बंबाच्या जागी जमिनीवर नुसती काळी गोल खूण. तांब्याचा बंब, दोन हंडे, घंगाळ आणि देवघरातली मोठी पितळी समई, एवढं गेलंय. घंगाळ सासूबाईंच्या माहेरून आलेलं होतं. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी पहिली आंघोळ त्याच घंगाळात पाणी विसणून घातली. ते आठवलं की अजून रडू येतं.

दार कुठेही उचकटलेलं नाही. कौलं जागेवर आहेत. मागच्या दाराला आतून आडणा घातलेला, तो तसाच होता. म्हणजे जो आला तो पुढच्या दाराने आला, कुलूप उघडलं आणि जाताना परत लावून गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे.

कुलूप सासऱ्यांच्या वेळचं, पितळी, तळहाताएवढं. किल्लीची दांडी टोकाला पोकळ आहे आणि पुढे एकच चपटं पातं. दोन्हींचा फोटो खाली टाकला आहे. दार फणसाचं, जाड. त्याला जुनी कडी आणि चौकटीला कोयंडा, त्याचाही फोटो आहे.

तारेने किंवा दुसऱ्या किल्लीने उघडता येणारच नाही असं कुलूप मिळतं का? लिव्हरचं घ्यावं की खड्डे खड्डे असलेल्या चपट्या किल्लीचं, ज्याला दुकानदार कॉम्प्युटर की म्हणतात? पावसाळ्यात कुलूप गंजून बसतं, तेही बघायला हवं. कुलपाला दोन-अडीच हजारांपर्यंत घालायची तयारी आहे.


हिंजवडीकर
२० मे, सकाळी ८:१५

बोटाच्या ठशाचं डिजिटल लॉक बसवा. आमच्या फ्लॅटला आहे. किल्लीच नाही तर डुप्लिकेटचा प्रश्नच नाही. कोणी उघडलं तर मोबाइलवर कळतं.


माजघर
२० मे, सकाळी ९:०२

सुचवल्याबद्दल आभार. पण वाडीत पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते आणि मोबाइलची रेंज फक्त वरच्या पाणंदीत येते. घरात वायफाय नाही. महिनोन् महिने बंद घरात बॅटरी टिकेल का, हीही भीती वाटते.


चावीवाला_कोल्हापूर
२० मे, दुपारी ३:३०

ताई, आधी तो किल्लीचा फोटो काढून टाका. आत्ताच. पुढचं नंतर वाचा.

मी ३१ वर्षं कोल्हापुरात चाव्या करतोय आणि कुलपं दुरुस्त करतोय. महाद्वार रोडच्या एका बोळात टपरी आहे, आधी वडील बसायचे. सरावलेल्या माणसाला चावीचे दात नजरेनं वाचता येतात. तुमचा फोटो एवढा स्वच्छ आहे की त्यावरून मी तासाभरात चावी घासून देईन. मी देणार नाही, पण सगळेच माझ्यासारखे वागतील असं नाही.

आता तुमचं कुलूप. पोकळ दांडीची आणि एका पात्याची चावी म्हणजे आत बहुतेक लिव्हर, म्हणजे चावीनं उचलायच्या पट्ट्या, नाहीतच. आत पत्र्याच्या गोल कडा असतात आणि पात्यातल्या खाचा त्या कडांना चुकवून फिरतात, एवढीच काय ती राखण. पातं घासून बारीक केलेली एकच चावी असली बरीच कुलपं उघडते. आमच्या धंद्यात ही कुलपं उघडायला शिकतात ते पहिल्या महिन्यात. कुलूप दिसायला दणकट, वजनाला भारी, पण आतून तसं मोकळंच.

तरी मला तारेपेक्षा चावीचा संशय जास्त येतो. कुलूप उघडून परत नीट लावून जायचं म्हणजे त्या माणसाला घाई नव्हती. माझ्याकडं ‘कुलूप शाबूत आणि माल गेला’ असं सांगत माणसं येतात, तेव्हा मी एकच विचारतो, चाव्या किती आणि आजवर कुणाकुणाच्या हातात गेल्या? लगेच कुणावर आळ घेऊ नका, पण रंगारी, वायरमन, नारळ पाडायला येणारा, ओटीवर झोपलेला पाहुणा, सगळे आठवून बघा. चावी कधी वळचणीला, कधी तुळशीच्या कोनाड्यात ठेवायची पद्धत होती का?

‘उघडता येणारच नाही’ असं कुलूप नसतं. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिरानं आपलं कुलूप दुकानाच्या काचेत ठेवलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्यानं ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले त्याला. माझे वडील ही गोष्ट सांगायचे आणि वर म्हणायचे, गिऱ्हाइकाला कुलूप विकायचं नाही, वेळ विकायचा. तुमच्या वाडीत कुत्री भुंकतात, कुणीतरी गुरं घेऊन जातं, तेवढ्या वेळात उघडलं नाही म्हणजे झालं.

लिव्हरच्या कुलपात आत पितळी पट्ट्या एकावर एक असतात. चावीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो. कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. सात लिव्हर, आठ लिव्हर असं वर छापलेलं असतं, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. स्वस्त मालात दोन-तीन लिव्हर एकाच उंचीचे घालतात आणि खाचा इतक्या सैल ठेवतात की आकड्याला अर्थ राहत नाही. चावी हातात घेऊन दात बघा. एक खोल, एक उंच, परत मधला, असे विस्कटलेले दात पाहिजेत. सगळे जवळपास सारखे असतील तर ठेवून द्या. दुसरी परीक्षा, दुकानदाराला त्याच मॉडेलचे तीन-चार डबे उघडायला लावा आणि एकाची चावी दुसऱ्याला घालून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या. माझ्यासमोर एकदा चारातली दोन उघडली होती.

खड्ड्याच्या चावीचं कुलूप म्हणजे पिनांचं. आत बारीक पिना आणि त्यांच्यामागं स्प्रिंगा. चांगल्या कंपन्या त्यात काही पिना डमरूसारख्या, मध्ये बारीक करून घालतात. तारेनं चाळवताना डमरूची कंबर अडकते, उघडणाऱ्याला वाटतं जमलं आणि तिथंच तो फसतो. डब्यावर असं काही लिहिलं असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पण कोकणात बारीक स्प्रिंग म्हणजे गंजाला आमंत्रण. तुमच्या घराला मी चांगल्या बनावटीचं लिव्हरचंच कुलूप सांगेन, पितळी अंगाचं आणि चावी फिरवून बंद होणारं. दाबलं की खटकन बंद होणारी कुलपं सोयीची असतात, पण त्यातल्या बऱ्याच हलक्या कुलपांत दांड्याला, म्हणजे वरच्या वाकड्या कांबीला, आतून फक्त स्प्रिंगची जीभ धरून ठेवते. पत्र्याची पातळ पट्टी सरकवून ती जीभ मागं ढकलता येते, दातांशी कामच पडत नाही. चावीनं बंद होणाऱ्यात दांडा पक्का अडतो. दुकानात दांड्याच्या दोन्ही पायांना आतून खाच आहे का तेही बघा. दोन्हींना असली तर उत्तम.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. एकाच कंपनीचं दोनशेचं आणि दीड हजाराचं कुलूप आतून पूर्ण वेगळं असतं. आणि अलीगढचं म्हणून कुणी नाक मुरडू नका, तिथं हलका माल होतो तसा फार चांगलाही होतो.

एवढं सगळं कुलपाबद्दल लिहिलं, पण ताई, तुमच्या दाराच्या फोटोत मला सगळ्यात जास्त भीती कोयंड्याची वाटते. पेपरात घरफोडीची बातमी वाचा, ‘कडी-कोयंडा उचकटून’ असंच असतं. माझ्या टपरीत खिळ्याला एक कोयंडा टांगलेला आहे. एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा. काळजीपोटी त्यांनी एकाच कोयंड्याला तीन कुलपं लावली होती, तिन्ही चांगली, दोन माझ्याकडूनच नेलेली. चोरानं कटावणी घातली आणि कोयंडा उपटला. मास्तर आले तेव्हा तिन्ही कुलपं बंदच्या बंद, कोयंड्यासकट ओट्यावर पडलेली. कोयंडा धरला होता अर्ध्या इंची चार स्क्रूंनी. ते मला दोष द्यायला आले नव्हते, पण मी विकताना कोयंडा बघायला गेलो नव्हतो हे मला आजही लागतं. तेव्हापासून दार न बघता मी मोठं कुलूप देत नाही.

म्हणून अडीच हजारांतले निम्मे दाराला घाला. सुताराला सांगून कडीच्या पट्टीला आरपार बोल्ट मारा, बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे, आतून लोखंडी पट्टी आणि त्यावर नट. बोल्टचं डोकं बाहेरून पान्ह्यात धरताच येऊ नये. चौकटीतला कोयंडाही तसाच आरपार. कुलूप कोयंड्यात घट्ट मावेल एवढ्याच मापाचं घ्या, सैल लोंबलं की कटावणीला जागा मिळते. दांडा दहा मिलिमीटर तरी जाड आणि कडक केलेल्या पोलादाचा असावा, तसं त्यावर कोरलेलं असतं.

डिजिटलवाल्या दादांना एक सांगतो, त्या लॉकच्या खाली टोपण सरकवलं की बहुतेकांत साध्या चावीचं भोक असतं, बॅटरी गेली तर उघडायला. चोराला ठसा लागत नाही, ते भोक पुरतं. घेताना ते आतलं सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, कसलं आहे ते विचारा.


हेलसिंकीहून
२० मे, रात्री १०:१०

कोल्हापूरच्या दादांनी किल्लीच्या फोटोबद्दल सांगितलं ते अजिबात अतिशयोक्त नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे १९५ फुटांवरून, गच्चीवर उभं राहून, टेबलावर ठेवलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले आणि संगणकाने त्यांच्या दातांची मापं काढून दाखवली.

मी फिनलंडमध्ये नऊ वर्षं आहे. इथे घरोघरी अ‍ॅब्लॉय पद्धतीची कुलपं दिसतात. १९०७ मध्ये एमिल हेन्रिक्सन नावाच्या इथल्याच कारागिराने ती रचना काढली. आत पिना नाहीत, स्प्रिंगांवर बसलेलं काही नाही, फक्त चकत्यांची चळत. किल्ली फिरते तशी प्रत्येक चकती वेगवेगळ्या कोनातून फिरते आणि सगळ्यांच्या खाचा एका रांगेत आल्या की मगच उघडतं. स्प्रिंग नसल्यामुळे उणे पंचवीसमध्ये बर्फ साचला तरी चालतं आणि साध्या तारेने त्याला काही करता येत नाही. दमट हवेलाही ही रचना चांगली. भारतात महाग पडेल आणि देवरुखला मिळणार नाही, पण मुंबईत चकतीच्या रचनेचं कुलूप विचारून बघा. युरोपातल्या कुलपाच्या डब्यावर ईएन १२३२० हे तिकडचं मानक दिसलं तर त्यापुढे १ ते ६ श्रेणी असते, ६ सर्वांत मजबूत. आपल्याकडे लोंबत्या कुलपांसाठी आयएस २७५ हे मानक आहे.


नाशिकचे_आजोबा
२१ मे, सकाळी ७:२०

सौ. माजघर, मी सर्वसाधारण विमा कंपनीत दावे पाहत होतो, आता निवृत्त आहे. तुमचा विमा नसावा असं वाटतं, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा असेल, म्हणून लिहितो.

घरफोडीच्या बहुतेक पॉलिसींत ‘बळजबरीने व हिंसक रीतीने प्रवेश’ अशा अर्थाची अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या प्रकरणात हीच अट अक्षरशः लागू केली. बळाचा वापर झालेला नसेल तर ती पॉलिसीच्या अर्थाने घरफोडी नव्हे. म्हणजे सराईताने ओरखडाही न उठवता कुलूप उघडलं, तर माल जातो आणि दावाही अडतो. कोयंडा तुटलेल्या घराला भरपाई मिळते आणि कुलूप शाबूत राहिलेल्याला मिळत नाही, असे दावे नाकारताना मला फार वाईट वाटे. तारेला दाद न देणारं कुलूप घेण्यामागे हेही एक कारण आहे. पॉलिसी घेताना साध्या चोरीचं संरक्षण वेगळं जोडून मिळतं का ते विचारावं आणि घर किती दिवस सलग बंद राहिलेलं चालतं ते कलम नक्की वाचावं.

जुनं कुलूप टाकू नका, त्याला तेल घालू नका. तारेने उघडलं असेल तर आतल्या भागांवर बारीक ताजे ओरखडे राहतात. पंचनाम्यात कुलूप जप्त झालं नसेल तर तपास अधिकाऱ्यांना तसा विनंती अर्ज द्या आणि पोच घ्या.


माजघर
२१ मे, रात्री १०:५५

फोटो कालच काढून टाकला. सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, अर्ज आज लिहिला, हे शनिवारी जाऊन देतील.

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात आहे. हो, किल्ली वळचणीला असायची. सासूबाई शेतावर जाताना तिसऱ्या वाशाच्या आत ठेवायच्या, सगळ्या वाडीला माहीत होतं, आणि चाळीस वर्षांत कधी चमचा गेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हाही आम्ही रंगाऱ्याला तिथेच ठेवायला सांगितली होती. आठ दिवस तिथेच होती. तेव्हा कुलूप बदलायला हवं होतं हे आता कळतंय.

पावसाचं काय करू? आणि शेजारच्या काकूंकडे एक किल्ली असते, घरात पाणी गळलं तर बघायला. ती काढून घ्यावी का? त्यांना फार वाईट वाटेल.


चावीवाला_कोल्हापूर
२२ मे, दुपारी २:१०

काकूंकडची चावी काढू नका. बंद घरावर नजर ठेवणारं माणूस दहा कुलपांना भारी आहे. फक्त नव्या कुलपाची चावी त्यांच्या हातात द्या आणि सांगा की घरात डब्यात ठेवा, खुंटीला नको. नव्या कुलपाबरोबर बहुधा तीन चाव्या येतात. एक तुमच्याकडं, एक तुमच्या यजमानांकडं, एक काकूंकडं. चौथी करायची वेळ आली तर तुम्ही स्वतः चावीवाल्यासमोर बसून करून घ्या. आणि यापुढं कामाला कुणी आठ दिवस राहिलं की तेवढ्यापुरतं दुसरं साधं कुलूप लावायचं, काम संपलं की आपलं.

पावसासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून कुलपावर वरून झापडीसारखा अडकवा, भोक झाकलं पाहिजे. नुसत्या पाण्यासाठी म्हणत नाही. बंद घराच्या कुलपात कुंभारीण माशी मातीचं घर करते, मग चावी आत जातच नाही आणि माणसं जोर लावून ती मोडतात. खोबरेल, गोडं तेल अजिबात नको, धूळ धरून चिकट होतं. ग्रॅफाइटची भुकटी मिळते, ती चिमूटभर. नाहीच मिळाली तर मऊ पेन्सिलचं शिसं चावीवर घासा आणि चावी चार वेळा आतबाहेर करा. दांड्याला बाहेरून मशीनचं तेल फडक्यानं पुसून घ्या.

अजून एक राहिलं. बिजागऱ्या बाहेरून दिसतात का? दिसत असतील तर त्यांची खीळ ठोकून काढता येते आणि दार उलट्या बाजूनं निघतं. सुतार आलाच आहे तर बिजागरीच्या बाजूला दाराच्या जाडीत दोन लोखंडी खुंट्या बसवून घ्या. दार मिटलं की त्या चौकटीच्या भोकात जातील. खीळ काढली तरी दार हलणार नाही.


माजघर
२४ सप्टेंबर, सकाळी ११:३०

गणपती करून परवा आलो. इथे सांगायचं राहू नये म्हणून लिहिते.

कुलूप दादरला घेतलं. दुकानदाराने आधी नाही म्हटलं, मग मी कारण सांगितल्यावर चार डबे उघडले. पहिल्या मॉडेलमध्ये एकाची किल्ली दुसऱ्यात अर्धी फिरली, ते सोडलं. दुसऱ्या मॉडेलची एकही फिरली नाही, दात अगदी तुम्ही सांगितले तसे विस्कटलेले. आठ लिव्हर, किल्लीनेच बंद होणारं. साडेसोळाशे पडले.

वाडीतल्या सुताराने आरपार बोल्ट आणि खुंट्या दोन्ही केलं. जुना कोयंडा काढताना त्याने हाताने ओढला आणि तो एका बाजूने सुटूनच आला, आतलं लाकूड वाळवीने पोकळ झालेलं. तिथे त्याने सागाचा तुकडा जोडून नवा बसवला. बिजागऱ्या बाहेरूनच होत्या. ट्यूबचा तुकडा काकूंच्या नातवाने कापून दिला आणि त्यानेच अडकवला.

भांडी मिळालेली नाहीत. तपास चालू आहे असं सांगतात. जुनं कुलूप तपासून परत मिळालं, ते इथे डोंबिवलीत घेऊन आले आहे. सासऱ्यांच्या हातचं आहे, फेकवत नाही. किल्ली आता अर्ध्यात अडकते. दादा, हे दुरुस्त होईल का?


चावीवाला_कोल्हापूर
२४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

होईल. पोलिसांचं काम झालंय तर आता उघडायला हरकत नाही. अंबाबाईला याल तेव्हा घेऊन या, कुरिअर करू नका. आतली कड झिजली असेल, नवी घासून बसवतो आणि चावीचं पातंही बदलतो, म्हणजे जुन्या चाव्यांनी ते उघडणार नाही. ते आत देवघराच्या कपाटाला लावा. बाहेरच्या दाराला नको.